सडपातळ जावई

गेल्या महिन्यात मी सांगलीच्या बाजारातून वजनकाटा घरी आणला आणि तिथून सगळं सुरू झालं.

मी गुळाच्या पेढीवर कारकून. दिवसभर खुर्चीत असतो, तरी लग्नातली पँट मला अजून बसते. (पट्टा लावून. नाहीतर ती खाली येते.) त्यामुळे फिटनेसवर बोलायचा अधिकार घरात फक्त माझाच, अशी माझी समजूत. काट्यावर उभा राहिलो आणि स्वतःवरच खूश झालो. मग बायकोला, संयोगिताला, उभं केलं. तिचा आकडा माझ्यापेक्षा बराच पुढे निघाला. मी लगेच आरोग्यावर भाषण सुरू केलं.

भरलेला सिलिंडर उचलून आत नेता नेता ती म्हणाली, "रविवारी साताऱ्याला मनू आत्याकडे जायचंय. तिलाही सांगा थोडं."

मनू आत्या म्हणजे बायकोची आत्या. साठी ओलांडलेली, आणि रिक्षात बसली की शेजारी फक्त पिशवी मावते. तिला बघताच माझ्या अंगात डॉक्टर संचारला.

"आत्या, वजन कमी करा. माझ्याकडे बघा."

आत्यानं बघितलं. "व्हय जावाय, तुमी लय हलकं हायसा. चला, अजिंक्यताऱ्यावर मंगळाईचं दर्शन घिऊन येऊ."

पहिल्या वळणापर्यंत मी पुढे होतो. त्यानंतर मला फक्त त्या दोघींच्या पाठी दिसत होत्या. आत्या चढता चढता ऊस, सून, भावकी असं सगळं सांगत होती. मला नुसतं 'हं' म्हणायलाही थांबावं लागत होतं.

"जावाय, गप का?"

"मी... नि... सर्ग..."

"काय म्हनत्यात गं?"

"निसर्ग बघतायत," संयोगिता म्हणाली.

एका झाडाखाली मी आडवाच झालो. आत्यानं मनगट धरलं. "आगं, ही तर मळणी चालू हाय आत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चढताना गप्पा मारता आल्या, जरा बसलं की छाती जाग्यावर आली, तर माणूस धड म्हनायचं. काट्याला त्यातलं काय कळतंय?"

आणि आठवण म्हणून तिनं माझा तिथंच फोटो काढला.

दोघींनी एकेक हात धरून मला वर नेलं. वर वारा भन्नाट होता. भाकरी, ठेचा, खाली पसरलेला सातारा. मला इतकं झकास वाटलं की रोज संध्याकाळी संयोगिताबरोबर कृष्णेच्या घाटावर चालायचं, तेही बोलत बोलत, असं मी तिथंच कबूल केलं. ती मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटावर निघणार, तोच बेल वाजली. दारात मेव्हणा लालासाहेब, हातात शहाळी. आत्यानं तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता.

"दाजी," तो गहिवरून म्हणाला, "कवा सोडलं दवाखान्यातनं?"

"अहो, मी आजारी नाही."

"व्हय व्हय," म्हणत त्यानं मला दोन्ही खांद्यांना धरून अलगद खुर्चीत बसवलं आणि आत हाक मारली, "ताई, बोलायला लागल्यात गं. पर वजन लय उतरलंय."