टेक म्हणजे घेणे!

"टेक म्हणजे घेणे! हा एक शब्द आला की अर्धं इंग्रजी आलंच!" शिंपीमास्तरांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

निमित्त होतं परदेशी इंजिनियरसाहेबाचा कोट. साहेबाने सकाळी तो दुकानात आणून दिला आणि त्याला एक इंग्रजी चिठ्ठी टाचून ठेवली. मास्तर अक्षरं जुळवत वाचू लागले.

"टेक इन द साइड्स. म्हणजे बाजू आत घ्या. टेक अप द स्लीव्हज. बाह्या वर घ्या. अगं, हे तर आपल्यासारखंच बोलतात की!"

"आणि खाली काय लिहिलंय?" काजं करता करता बायकोने विचारलं.

"आय टेक ऑफ ॲट फाइव्ह. टेक ऑफ म्हणजे अंगातलं काढणं. पाचला साहेब कामाचे कपडे काढणार आणि कोट घालून बघायला येणार. काही घाई नाही!"

घाई नसतानाही अडीचपर्यंत कोट तयार झाला. मास्तर इस्त्री ठेवतात न ठेवतात तोच साहेब धापा टाकत हजर! कोट चढवला, तर असा बसला की जणू साहेब त्या कोटासकटच जन्माला आला होता. साहेब खूश झाला, त्याने घड्याळ पाहिलं आणि ओरडला, "आय टेक ऑफ ॲट फाइव्ह!"

"टेक ऑफ? प्लीज, प्लीज!" मास्तर अदबीने त्याचा कोट उतरवू लागले.

"नो, नो! आय टेक ऑफ!"

"येस, येस! यू टेक ऑफ!"

एक कॉलर ओढतोय, दुसरा कोट छातीशी घट्ट धरून बसलाय! शेवटी साहेबाने दोन्ही हात आडवे पसरले, जरासा वाकला आणि "झूऽऽऽ" करत दुकानात गिरकी घेतली. हाताच्या फटक्याने रिळांचा डबा खाली आला.

"अहो, काखेत आवळतंय त्यांना!" बायको म्हणाली.

"मग ते झूऽऽ कशाला?"

"कापड फाटेल म्हणत असतील!"

मास्तरांना पटलं. साहेबाचे हात आडवे होतेच. त्यांनी कात्री घेतली आणि टर्रर्रकन काखेची शिवण उसवली! साहेबाने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या घड्याळजींची कॉलेजात जाणारी मुलगी धावत आली. ती साहेबाशी दोन वाक्यं बोलली आणि तिने कपाळावर हात मारला.

"मास्तरकाका, पाच वाजता त्यांचं विमान उडतंय! टेक ऑफ म्हणजे उड्डाण! उतरल्या उतरल्या त्यांना बहिणीच्या लग्नाला उभं राहायचंय, याच कोटात!"

मास्तरांचा चेहरा पांढरा खडू झाला. लग्नाच्या फोटोत वधूचा भाऊ, आणि काखेतून डोकावणारं अस्तर! आणि तेही आपल्या हातचं!

"टॅक्सी!" सुईदोरा उचलत ते ओरडले.

मागच्या सीटवर साहेब एक हात वर करून बसला, आणि त्याच्या काखेत डोकं खुपसून मास्तर टाके घालू लागले. प्रत्येक खड्ड्याला साहेब "आउच!" म्हणे आणि मास्तर "सॉरी!" म्हणत. विमानतळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा शेवटची गाठ बसली. साहेबाने हात खाली घेतला आणि मनापासून हसला. "थँक यू, मास्टर!" म्हणत तो धावत सुटला.

मागोमाग मास्तरही धावत सुटले!

"दोघांची तिकिटं?" दारावरच्या शिपायाने हटकलं.

"मी कुठे जातोय! मला ओढलं जातंय!" मास्तर कळवळले. धावत्या गाडीत त्यांनी साहेबाच्या काखेला आपल्याच सदऱ्याची बाही शिवून टाकली होती!

कात्री दुकानात राहिलेली. शिपाई ताटकळलेला, मागे लांबलचक रांग. मास्तरांनी डोळे मिटले आणि एक जोरदार हिसका दिला. कोट शाबूत राहिला. बाही मात्र खांद्यापासून निघाली. साहेबाने काखेला लोंबणारी ती बाही घाईघाईने कोटाच्या आत कोंबली, हात हलवला आणि तो आत पळाला.

संध्याकाळी मास्तर एका बाहीच्या सदऱ्यात दुकानात परतले. बायकोने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मशीनवरून न उठताच ती म्हणाली,

"ठेवा तिकडे. पुढच्या आठवड्यात या. आज फार काम आहे!"