दीड मिलिमीटरची भरती

समुद्रापासून पुरेशा दूर असलेल्या ठिकाणी नौदलाच्या राखीव दलाचे प्रशिक्षण व्हावे, हा निर्णय पूर्ण विचारांती घेण्यात आला. राखीव दलातले खलाशी हे मुळात कुणी दंतवैद्य, कुणी विमा एजंट, कुणी भूमितीचे शिक्षक. युद्ध झालेच तर बोलवायचे, तोवर सुट्टीच्या दिवशी तयार करून ठेवायचे. ही मंडळी राहतात देशाच्या ऐन मध्यभागी. समुद्र गाठेपर्यंतच त्यांची सुट्टी संपून जाई. तेव्हा त्यांना जहाजाकडे नेण्यापेक्षा जहाजच त्यांच्याकडे न्यावे, असे ठरले. एक निवृत्त गस्ती जहाज सुटे करून ट्रकांवरून आमच्या सरोवराकाठी आणण्यात आले, पुन्हा जोडण्यात आले आणि पाण्यात सोडण्यात आले. ते तरंगले. या प्रकरणात अपेक्षेप्रमाणे घडलेली ही शेवटची घटना होय.

मी सरोवर संशोधन केंद्रात भौतिकशास्त्रज्ञ आहे. माझा स्वभाव संशयी असून पुराव्याशिवाय मी काहीही मानत नाही. हा गुण मी वेळोवेळी इतरांच्या निदर्शनास आणून दिलेला आहे. घरात मला ‘काटेतोल’ म्हणतात. लहानपणी “जेवलास का?” या प्रश्नाला मी “बहुतांशी” असे उत्तर दिले, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने हे नाव ठेवले. ताई वडिलांच्या पश्चात त्यांची डिझेलची नाव चालवते. पैलतीरावर इस्पितळ आहे. परिचारिका, रुग्ण, रुग्णांचे डबे आणि क्वचित एखादी शेळी, असा सगळा प्रपंच ती रोज या काठावरून त्या काठावर पोचवते. माझे शिक्षण त्याच नावेच्या कमाईतून झाले. या वस्तुस्थितीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

जहाज आले खरे, पण घोडे अडले नियमावलीत. भरतीची वेळ पाहिल्याशिवाय नौदलाच्या कोणत्याही जहाजाने धक्का सोडू नये, असा जुना नियम आहे. जहाज धक्क्याला बांधून ठेवून कप्तान माझ्या प्रयोगशाळेत आले.

“साहेब, तुमच्या तळ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक हवं होतं.”

‘तळ्याला कसली आलीय भरती?’ असे कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता. मी म्हणालो, “व्यवहारात भरती नसते.”

“म्हणजे व्यवहार सोडला तर असते?”

चंद्राचे आकर्षण सर्वच पाण्यावर असते, आमचे सरोवर लांबट असल्यामुळे त्याचा परिणाम दीड मिलिमीटरपर्यंत जातो, वगैरे मी त्यांना फळ्यावर काढून दाखवले. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे गणित मला कुणी विचारले नव्हते, त्यामुळे मी काहीसा रंगलो.

“म्हणजे असते,” कप्तान म्हणाले.

“शून्य नसते, असं म्हणा.”

“तेच म्हणतोय मी! किती असावी हे नियमात नाहीच. असावी, एवढंच आहे.” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “तुम्ही आमचं जहाज सोडवलंत.”

वेळापत्रक मी स्वतः तयार केले, दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत. ते निळ्या वेष्टनात छापून आले आणि आतल्या पानावर माझे नाव होते. ते उघडे पान दिसेल अशा बेताने मी एक प्रत टेबलावर ठेवली.

पुढच्या रविवारी भरतीच्या मुहूर्तावर बिगुल वाजला. सुकाणूवर दंतवैद्य होते. जहाज हलताच ते मोठ्याने म्हणाले, “जाणवतं हो! खालून कुणी उचलतंय असं वाटतं!” भूमितीच्या शिक्षकांनी दुजोरा दिला. ही वाढ जाणवणे मानवी शरीराला अशक्य आहे, असे मी नम्रपणे म्हणालो. स्वतःच्या शोधावर विश्वास नसलेल्या माणसाकडे पाहावे तसे सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

त्यानंतर जलवाहतूक अधिकाऱ्यांचे लक्ष वेळापत्रकाकडे गेले. त्यांचा युक्तिवाद निर्दोष होता. जिथे भरती-ओहोटी होते ते पाणी कायद्याने समुद्र असते; या पाण्यात ती होते हे छापील सिद्ध झाले आहे; सबब हा समुद्र आहे. ते ताईच्या धक्क्यावर आले आणि म्हणाले, “बाई, तुमचा परवाना तळ्याचा. समुद्रात नाव चालवता येणार नाही.”

“मग समुद्राचा परवाना द्या.”

“त्यासाठी प्रशिक्षण लागतं. ते याच जहाजावर मिळेल.”

“मग प्रशिक्षण द्या.”

“त्यासाठी समुद्रावरचा अनुभव लागतो.”

“याच पाण्यावर केस पांढरे झाले माझे!”

“हो, पण तेव्हा ते तळं होतं.”

ताई त्याच पावली प्रयोगशाळेत आली. चपला ओल्या होत्या आणि नावेची किल्ली मुठीत होती. माझ्या स्वच्छ फरशीवर पाण्याचे ठसे उमटले, हे मी पाहिले. ते मी पाहिले, हे तिने पाहिले.

“काटेतोल्या, तळ्याला भरती येते?”

“ताई, तत्त्वतः...”

“तुझं तत्त्व राहू दे. येते का?”

“दीड मिलिमीटर.”

“त्या दीड मिलिमीटरवर माझी नाव अडकलीये. खडकावर अडकली असती ना, तर मी एकटीनं काढली असती.”

“सुनावणी होणार आहे. मी सगळं नीट स्पष्ट करतो.”

“स्पष्ट नको करूस रे बाबा. तू स्पष्ट केलंस की वाट लागते. नुसतं ‘नाही’ म्हण आणि खाली बस.”

मी आरशासमोर सराव केला. सुनावणीच्या दिवशी ताई पहिल्या बाकावर किल्ली घेऊन बसली होती. अधिकाऱ्यांनी विचारले, “भरती येते की नाही? एका शब्दात सांगा.”

“नाही,” मी म्हणालो.

सभागृहात एकदम हलके वाटले. ताईने डोळे मिटून श्वास सोडला. मी खाली बसूही लागलो होतो. पण अर्धवट वाकलेल्या त्या अवस्थेत माझ्या सदसद्विवेकबुद्धीला दशांशचिन्ह टोचले. “म्हणजे साध्या पट्टीने मोजण्याजोगी नाही,” मी पुन्हा उभा राहून म्हणालो. “आमच्या नव्या उपकरणाने मात्र मोजता येते.”

ताईने किल्ली अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न पाहता निघून गेली.

पुढचे सर्व तर्काला धरूनच झाले. समुद्राचे पाणी पिण्यास अयोग्य असल्यामुळे शहराचा पाणीपुरवठा बंद झाला. आमचे पाणी गोड आहे असा अहवाल मी दिला, तेव्हा ‘अपवादात्मक गोडी असलेला समुद्र’ अशी नोंद झाली. नळ बंदच राहिले. पैलतीरी जायला नाव हवी होती, म्हणून समुद्रावर सुकाणू धरल्याचा अनुभव असलेल्या एकमेव स्थानिक उमेदवाराला, म्हणजे दंतवैद्यांना, ताईच्या नावेचा परवाना मिळाला. पहिल्याच फेरीत त्यांनी ती परिचारिकांसकट गाळात रुतवली. ताईने कमरेइतक्या पाण्यात उतरून ती ओढून काढली. विनापरवाना समुद्रात उतरल्याबद्दल तिला समज देण्यात आली. समज देताना दंतवैद्य टोपी घालून उभे होते, आणि जाताना त्यांनी तिला अक्कलदाढ दाखवून जायला सांगितले.

अखेर अधिकाऱ्यांनाच दया आली. एका संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले. ताई माझ्याशी बोलत नव्हती, पण पाहुणे आले म्हणून तिने टँकरच्या पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

“हे बघा,” ते खाजगी आवाजात म्हणाले, “आम्हालाही घरी नळ आहेत. यातून वाट आहे. किमान मर्यादा घालून घेऊ. अमुक इतक्यापेक्षा कमी भरती म्हणजे भरतीच नाही. मर्यादा एक सेंटिमीटर ठेवली, की तुमचं तळं पुन्हा तळं. बाईंची नाव उद्या सकाळी मोकळी. तुम्ही तज्ज्ञ म्हणून फक्त एवढं म्हणायचं, की एका सेंटिमीटरखाली काहीच नसतं.” त्यांनी पेला उचलून माझ्यासमोर धरला. “हे उदाहरण घ्या. यात काय, भरती येते?”

त्यांच्या मागे ताई उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवले. मग हात जोडले. थोरल्या बहिणीने धाकट्या भावापुढे हात जोडलेले मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

“नाही,” मी म्हणालो.

“झालं तर मग!”

“विषाणूच्या व्यासापेक्षाही कमी असणार,” मी म्हणालो. “पण तत्त्वतः, शून्य नाही.”

अधिकाऱ्यांनी पेला अतिशय हळू टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. समुद्र हाताळण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता.

“उपकरणाने तुझी जीभ मोजून घे एकदा,” ताई म्हणाली. त्यानंतर ती आजतागायत माझ्याशी बोललेली नाही.

आता घरोघर पाहणी सुरू होत आहे. माठ, पिंप, बादल्या, पेले, सर्व तपासले जाईल. तुम्ही हे वाचत असताना माझ्यावर हसलात, हे मी गृहीत धरतो. ते वाजवीच आहे. तुमच्या हाताशी पाण्याचा पेला असेल. अधिकारी दारात येऊन विचारतील, तेव्हा ‘नाही’ म्हणा आणि तिथेच थांबा. त्यातही भरती येते हे आता तुम्हाला माझ्यामुळे ठाऊक झाले आहे, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे हे अधिकाऱ्यांना कळावे, अशी तुमची इच्छा होणारच. ती आवरा. मला जमले नाही. तुम्हाला जमेल, असे मानायला माझ्यापाशी तूर्त पुरावा नाही.