फरशीवर पडून घर बघणारे अण्णा

रविवार, सकाळचे दहा. मागितलेली किंमत शेहेचाळीस लाख. हजर : मी, माझी पत्नी, एजंट आणि हॉलच्या मधोमध फरशीवर उताणे पडलेले शिवाप्पाअण्णा.

अण्णा म्हातारे गवंडी. आता काम सोडलंय. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटेच राहतात. गल्लीतलं कोणी घर घ्यायला निघालं की आधी अण्णांना नेऊन दाखवतं. ते प्रत्येक खोलीत दहा मिनिटं आडवे पडतात. मी मोजून पाहिलंय. नऊ नाही, अकरा नाही.

"हुबं ऱ्हाऊन बघितलं की समदी घरं चांगलीच दिसत्यात," ते म्हणतात.

त्या दिवशी छताकडे बघत ते पुटपुटत होते, "हितं झोपाळा. दुपारचं ऊन पार त्या कोपऱ्यापतूर येईल. तितं मांजार झोपंल."

"अण्णा, आमच्याकडे मांजर नाही," मी म्हणालो.

"येतंय की. घर बरं असलं की आपसूक येतंय."

पत्नीला झोपाळा दिसायलाही लागला होता. त्या घरात आमची बावीस वर्षांची बचत जाणार होती, वर पंधरा वर्षांचं कर्ज. एजंटला घाई होती. "पावणं, घर घ्यायचंय का मुक्काम करायचाय?"

अण्णा कुशीवर वळले. भिंतीवर खाली टकटक केली, मग उठून वर. आवाज निराळा आला. त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कमरेच्या उंचीवरचा स्विचबोर्ड उघडला. आतून वाळलेला गाळ भुरभुर फरशीवर पडला.

"गिलावा नवा केला, रंग दिला, बोर्डाच्या आतलं इसरलं," अण्णा म्हणाले. "नदी हितवर येऊन गेलीया, ताई."

"एकदाच आलतं पाणी," एजंट म्हणाला.

"एकदा वाट गावली की नदी दुसऱ्यांदा इचारत न्हाय."

ते घर आम्ही सोडलं.

चार महिन्यांनी उंचावरच्या वस्तीत दुसरं घर मिळालं. अण्णा चार खोल्यांत चाळीस मिनिटं पडले आणि "घ्या" म्हणाले. राहायला गेल्यावर पहिल्याच रविवारी पत्नीने त्यांना पुरणपोळीला बोलावलं. इस्त्रीचा सदरा घालून आले आणि दारातच थांबले. आत पडदे, चपलांचा ढीग, दोरीवर ओले टॉवेल, गॅसवर कुकर.

"या की आत, अण्णा."

"येतो. बघू द्या जरा." मग हळूच म्हणाले, "एकतीस घरं बघून दिली, ताई. माणसं ऱ्हायला आल्यावर बघतोय ते ह्येच पयलं."

शेवटी दिलं ते असं : घरमालकाला त्रेचाळीस लाख दहा हजार, चेकने. अण्णांना पाचशे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. कटाची आमटी मात्र तीनदा मागून घेतली. संध्याकाळचे सात वाजले तरी जायचं नाव काढलं नाही. आम्हीही काढलं नाही.