दत्ताबाबांची आडवी दाढ

मोबाइलचं रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं मारावं की चौऱ्याऐंशी दिवसांचं, हे आमच्या दत्ताबाबांनी देवाला विचारलं होतं. थट्टा नाही करत. सकाळी आंघोळ करून, नारळ-केळी घेऊन ते गावच्या रवळनाथाच्या देवळात गेले आणि भटजींना म्हणाले, "प्रसाद लावा."

आमच्या गोव्याकडची ही रीत माहीत नसेल तर सांगते. देवाच्या मूर्तीला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि गप बसायचं. देवाच्या उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. हा देवाचा कौल. शहाणी माणसं कौल घेतात तो लग्नाचा, घराच्या पायाचा, फार तर मोठ्या ऑपरेशनचा. दत्ताबाबांनी फ्रिज घेतला तेव्हा एका दाराचा की दोन दारांचा, इथवर देवाला खेचलं. शेवटी नारायणभट एकदा वैतागून म्हणाले, "दत्ता, देवाक पण जरा रजा दी रे!"

दत्ताबाब आणि मी डिचोलीला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकाच खोलीत बसतो. गावात आमची घरंही समोरासमोर. म्हणजे चोवीस तासांतले झोपेचे सोडले तर उरलेले तास हा माणूस माझ्या नजरेसमोर. वय पन्नाशीला आलेलं, लग्न नाही, मिशी नाही, पोट नाही. बोलताना एकेक शब्द सावकाश, तोंड हे एवढं उघडून. समोरचा माणूस बहिरा आहे की मठ्ठ, असा प्रश्न पडावा. नव्याने आलेली इंजिनिअरीण तर पहिल्या दिवशी रागावलीच होती, "मला कळतं हो मराठी!"

आणि कुठल्याही गोष्टीवर एकच उत्तर. फाइल अडली, नळ सुटला, साहेब चिडला, "घाई कित्याक, ज्योतीबाय? देवाच्या कानार घालूया." मला असल्या वेळी काय होतं ते विचारू नका. मी फटकळ बाई. मला वाटतं, देवाने डोकं दिलंय ते काय केस विंचरायला?

तर गेल्या वर्षी या दत्ताबाबांची अक्कलदाढ दुखायला लागली. त्यांच्या दातांचा त्यांना फार गर्व. पाववाल्या पदेराकडची काकणं, म्हणजे बांगडीसारखा तो कडक पाव, आपण सगळे चहात बुडवून खातो. हे कोरडीच कडाकडा फोडायचे आणि आमच्याकडे बघायचे. एके दिवशी काकण फोडताना "आयगे!" करून जे गाल धरून बसले, ते बसलेच.

मी म्हटलं, "डॉक्टरकडे चला."

"बघूया. लवंग धरलंय."

लवंग झाली. मिठाच्या गुळण्या झाल्या. पेरूची पानं झाली. मग कोणीतरी सांगितलं, काजूची फेणी दाढेत धरा. दत्ताबाब आयुष्यात कधी न प्यालेला माणूस. गालात घोटभर फेणी धरून कचेरीत येऊन बसले आणि नेमका पाण्याची तक्रार घेऊन एक म्हातारा समोर उभा. म्हातारा विचारतोय, "आमच्या वाड्यार पाणी कधी येतला?" हे नुसते डोळे मोठे करतायत. थुंकावी तर समोर लोक, बोलावं तर तोंड भरलेलं. शेवटी घटकन गिळली. पुढचा तासभर दत्ताबाबांनी त्या म्हाताऱ्याला पाणी, जमीन, राजकारण सगळं समजावून सांगितलं. म्हातारा खूश होऊन गेला. दाढ तशीच.

मग गाल सुजायला लागला. तिसऱ्यांदा सूज आली तेव्हा तो नारळाएवढा झाला आणि तोंड उघडेना. बोटभर फट, बस्स. त्यांना काही न विचारता मी स्कूटरवर घातलं आणि बाजारातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मूळची कोल्हापूरकडची पोरगी, बोलायला एकदम सरळ. तिने फोटो काढून दाखवला. खालची डावी अक्कलदाढ हिरडीत आडवी झोपलेली आणि शेजारच्या दाढेला ढुशी देतेय.

"आधी गोळ्यांनी सूज उतरवू. मग काढू," ती म्हणाली. "नाही काढली तर परत सुजणार हे नक्की. एकच सांगून ठेवते. हिच्या मुळाशी ओठाची नस आहे. क्वचित कोणाचा खालचा ओठ काही दिवस बधिर राहतो. अगदी क्वचित कायमचा. तुम्हाला होईल असं नाही, पण सांगणं माझं काम."

दत्ताबाब पांढरेफटक पडले. त्या बोटभर फटीतून मोठ्या कष्टाने म्हणाले, "देवाच्या कानार घालूया."

माझं डोकंच सटकलं. डॉक्टरीणबाईसमोर काही बोलले नाही, पण रस्ताभर त्यांना मागे बसवून बडबडत आले. एवढा बाप्या माणूस आणि दाढेला घाबरतो!

त्यांच्या घराशी आलो तर दारात मालूताई उभी. ही त्यांची मोठी बहीण. तिसरीत असताना ताप डोक्यात गेला आणि कान गेले. तिला ऐकू येत नाही हे सगळ्या गावाला माहीत, म्हणून सगळा गाव तिला बघून नुसता हसतो आणि मान डोलावतो. मीही अठरा वर्षं तेच करत आले होते.

दत्ताबाब तिला काही सांगायला लागले. जेवण नको, नुसती पेज दे, एवढंच असावं. ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. त्यांनी परत सांगितलं. तिने मान हलवली. त्यांनी गाल हाताने ओढून तोंड उघडायचा प्रयत्न केला, दुखून डोळ्यांत पाणी आलं, तरी परत तेच सांगितलं. मालूताईला कळलं नाही. ती तोंड फिरवून आत गेली आणि आतून भांड्यांचा मोठा आवाज आला.

आणि तेव्हा, देवाशपथ सांगते, माझ्या डोक्यात उजेड पडला. ते सावकाश बोलणं, ते एवढं तोंड उघडणं. ही बाई त्यांचे ओठ वाचत होती. चाळीस वर्षं.

दत्ताबाब पायरीवर बसले. "आता बघलंस? तोंड उघडणा नाय तर ही गत. उद्या ओठच मेलो तर? माज्याशिवाय तिका कोणाचा काय कळत नाय, ज्योतीबाय."

म्हणजे दाढ ठेवली तरी बोलणं बंद, काढली तरी बंद होण्याची धास्ती. या माणसाला मी रस्ताभर भित्रा म्हणत आले होते. मला माझी लाज वाटली, सरळ सांगते.

गोळ्यांनी सूज उतरली. आठवड्याने आम्ही देवळात. यावेळी मीही गेले आणि मालूताईही आली. दाढ दुखते आणि काढायची आहे एवढं तिला ठाऊक होतं. ओठाचं दत्ताबाबांनी तिला सांगितलंच नव्हतं. नारायणभटांनी पाकळ्या चिकटवल्या, खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "ह्या तुज्या लेकरान दाढ काडूक होयी तर उजवो कौल दी, नाका तर डावो दी, आणि ह्येका मार्गाक लाय रे म्हाराजा!"

सगळे गप. पाकळ्याही गप.

अर्धा तास गेला. तास गेला. दोन्ही पाकळ्या अशा चिकटल्या होत्या की डिंकाने लावल्यासारख्या. भटजींनी घाम पुसला, परत गाऱ्हाणं घातलं. दत्ताबाब हात जोडून, डोळे न मिटता, घुम्यासारखे बसलेले. मी आधी मनात देवाला विनवलं, मग देवावर चिडले, मग दत्ताबाबांवर चिडले. दीड तास झाल्यावर मला राहवेना.

मी उठले, खांबाला टेकून बसलेल्या मालूताईच्या समोर जाऊन मांडी घालून बसले, आणि दत्ताबाब बोलतात तसं, एकेक शब्द, तोंड उघडून तिला सांगितलं, "दाढ काढली, तर, ओठ, बधिर होईल. मग, तुला, त्याचं बोलणं, कळणार नाही. म्हणून, तो, घाबरतो."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी दुसऱ्यांदा सांगितलं. आणि तिचा चेहरा बदलला. तिला कळलं होतं! माझं बोलणं तिला कळलं होतं. तिला फक्त एकाचंच कळतं असं दत्ताबाब समजत होते, गाव समजत होता, कारण आम्ही कोणी कधी तिच्यासमोर नीट तोंड उघडून बोललोच नव्हतो.

मालूताई उठली. दत्ताबाबांच्या पुढ्यात गेली, त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आणि बोलली. लोक हसतात म्हणून कित्येक वर्षं चारचौघांत न काढलेला आवाज, जाडाभरडा, एका सुरातला, सगळ्या देवळात घुमला.

"काड. दाढ काड."

जगातली एकूणएक गोष्ट या माणसाने देवाला विचारली होती, घरात बसलेल्या बहिणीला एकही विचारली नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली. नारायणभटांनी गाभाऱ्यातून मान बाहेर काढली.

"तिणें सांगलां मरे? मग आता ऊठ दत्ता, माका भूक लागल्या."

दुसऱ्याच दिवशी दाढ काढली. पाऊण तास लागला. डॉक्टरीणबाईने तुकडे करून बाहेर काढलेली ती दाढ ताटलीत दाखवली आणि म्हणाली, "उजवीकडेही एक आहे बरं का, पण ती त्रास देत नाही, राहू दे." दत्ताबाबांनी कापूस धरलेल्या तोंडाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खबरदार देवाचं नाव काढलंत तर!"

घरी आलो तेव्हा त्यांचा अर्धा ओठ इंजेक्शनने मेलेला, एका बाजूला लोंबणारा. बधिरपणा तीनेक तासांत उतरेल असं डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं. मालूताईने त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल घेऊन बसली. दर पंधरा मिनिटांनी त्यांचा खालचा ओठ चिमटीत धरून दाबायची आणि भुवया उंच करायची. दत्ताबाब मान हलवायचे. नाही. परत पंधरा मिनिटं. परत नाही. दोन तास झाले, तीन झाले, साडेतीन झाले. मी उगाच त्यांच्या अंगणातला पाचोळा गोळा करत होते, कारण आत बसवत नव्हतं.

चार तास होत आले असतील. आतून आवाज आला, "आयगे! ताय, दुकता गो!"

मी झाडू टाकून धावले. मालूताईने ओठ सोडला नव्हता. आणखी एकदा दाबला. दत्ताबाब परत ओरडले आणि ती हसायला लागली, ते हसायला लागले, हसताना टाके ताणले म्हणून परत ओरडले. मग ते तिला काहीतरी सांगू लागले. जबडा आखडलेला, जेमतेम दोन बोटं तोंड उघडत होतं, तरी ती एकेका शब्दाला मान डोलावत होती. देवळातलं, दवाखान्यातलं, इंजेक्शन केवढं होतं ते, सगळं. एरवी कचेरीत दहा वाक्यांच्या पुढे न जाणारा माणूस अर्धा तास थांबला नाही. बोलू नका, टाके सुटतील, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गिळलं.

ती आत पेज निववायला गेली तेव्हा मी म्हटलं, "झालं ना आता? उगीच घाबरलात. तिला माझंही बोलणं कळतं. मी समोरच तर राहते. तुमचा ओठ गेला असता तरी मालूताई एकटी पडली नसती."

"ती एकटी पडाक नसती," दत्ताबाब म्हणाले आणि ओठाला बोट लावून बघत राहिले. "मी पडलंय असतंय. दीस सगळो कोणाक सांगतलंय? माजा आयकता तां ती एकटीच."