विनिफ्रेडबाईंच्या दारची रांग

ऑगस्टच्या एका शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास, सॉल्टरिंग या ऐतिहासिक समुद्रकाठच्या गावात विनिफ्रेड टॅपस्कॉट या विधवा बाईंच्या घराचं कुलूप अडकलं. खाऱ्या हवेनं कुलपं गंजतात, त्यात नवल नाही. बाई दारात किल्लीशी झटापट करत असताना हातात आइस्क्रीम धरलेले एक गृहस्थ त्यांच्यामागे येऊन उभे राहिले. गृहस्थांच्या मागे त्यांची पत्नी. दार उघडेपर्यंत अकरा माणसं झाली. कुणी उभं दिसलं की त्याच्यामागे उभं राहायचं, हे बाळकडू इंग्लंडात सगळ्यांनाच मिळतं. कशासाठी, हे विचारणं मात्र असभ्यपणाचं समजतात.

हे माझं राहतं घर आहे, असं बाईंनी सांगून पाहिलं.

"होऊ द्या तुमचं सावकाश," गृहस्थ म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

उन्हात शिस्तीनं उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडावर दार लावणं बाईंच्या जिवावर आलं. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. मंडळींनी स्वयंपाकघर पाहिलं, चहादाणीवरची लोकरी टोपी पाहिली, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं पाहिलं. उकडलेल्या कोबीचा वास अगदी जुन्या काळाला धरून आहे, असं एक बाई कौतुकानं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी दूध घ्यायला दार उघडलं, तर रांग चर्चपर्यंत गेली होती.

बाईंनी नगरपरिषदेला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी परिषदेचे ऐतिहासिक वारसा अधिकारी लेडबेटर फाइल घेऊन आले आणि त्यांनी परिस्थिती समजावून सांगितली. विनापरवाना रांग बेकायदा खरी. पण एकवीस दिवस टिकलेली रांग ही स्थानिक प्रथा ठरते आणि प्रथेला संरक्षण असतं. आता दार बंद ठेवलं तर रांग निरुद्देश होईल. निरुद्देश रांग म्हणजे रस्त्यात अडथळा, आणि त्याची जबाबदारी घरमालकाची.

"मग मी करायचं काय?" बाईंनी विचारलं.

"दहा ते पाच दार उघडं ठेवायचं. आणि ती विजेची किटली हलवा. ऐतिहासिक स्वरूप बिघडतं तिनं."

"अहो, पण मला चहा लागतो."

"पाचनंतर प्या की. नको कोण म्हणतंय?"

पुढच्या आठवड्यात परिषदेनं दाराला नवं कुलूप बसवलं आणि किल्ली आपल्याकडे ठेवली. खिडकीतल्या खुर्चीला लाल दोरी बांधली. बाई एकदा सवयीनं त्या खुर्चीत बसल्या, तर पाहुण्यांनी तक्रार केली. लेडबेटरांनी अहवालात नोंद केली की वास्तूत मनुष्यवस्तीच्या खुणा आढळतात, त्या टप्प्याटप्प्यानं कमी कराव्यात. ते वाचून बाईंना रडू कोसळलं. एकोणचाळीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांनी नवऱ्याची होडी परतताना पाहिली होती.

मग एका गुरुवारी बाई पाव आणायला गेल्या. परत आल्या, तर दारात परिषदेची स्वयंसेविका हिलरी दंडाला पट्टा लावून उभी होती.

"मी इथेच राहते, बाळ."

"सगळे हेच सांगतात, आजी. रांगेचा शेवट तिकडे आहे, चर्चपाशी."

आत घुसणं काही कठीण नव्हतं. हिलरी जेमतेम वीस वर्षांची, तीही शेंबडानं बेजार. पण रांग मोडून शिरायचं, तेही सगळ्या गावासमोर? बाईंनी आयुष्यात ते केलं नव्हतं, आणि स्वतःच्या घरासाठीही ते त्यांच्याच्यानं होईना. त्या पाव सांभाळत चर्चपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्यामागे एक तरुण जोडपं आलं.

"आत आहे तरी काय, आजी?" मुलीनं विचारलं.

बाईंनी रांगेकडे एकवार पाहिलं. "नक्की नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण इतकी माणसं उभी आहेत, म्हणजे काहीतरी असेलच."

जोडप्याचं समाधान झालं. पाच वाजता हिलरीनं कुलूप लावलं, तेव्हा बाईंच्या पुढे चाळीस माणसं होती. ती सगळी निमूट पांगली. बाई तेवढ्या राहिल्या.

तुम्हाला त्यांची दया आली असेल. पण किटली, कोबी, खुर्ची, रडणं, सगळं तुम्हीही आत शिरून पाहून घेतलंतच की. आणि तुम्हाला तिथे बोलावलं कुणी होतं?