एकाच जिनसेचे सामंतकाका

दुकानात दोन प्रकारच्या वस्तू दिसल्या, की आमचे शेजारी सामंतकाका पायरीवरूनच परत फिरतात. साबण आणि पोहे एकाच काउंटरवर? छे! "हे दुकान नाही, अडगळीची खोली आहे," असं दुकानदाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणून.

त्यामुळे बॅगेची चेन बिघडली, की काका मुलुंडच्या चेनवाल्याकडे. बटण तुटलं, की अंधेरीला. घाटकोपरहून अंधेरी, एका बटणासाठी! काकू होत्या तेव्हा कपाळाला हात लावायच्या. "अहो, माझ्याकडे डबाभर बटणं आहेत!" काका तोवर जिना उतरलेले असायचे.

एकदा माझ्या कुकरची शिटी उडाली. घरात पाहुणे, कुकरमध्ये डाळ, आणि मी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानाकडे धावतेय, तर काका आडवे.

"तिथे ताटंसुद्धा विकतात! चल माझ्याबरोबर."

स्टेशनजवळच्या गल्लीत हातभर रुंदीचं दुकान. आत फक्त कुकरच्या शिट्या आणि रबरी रिंगा.

"काका, या दोन वस्तू झाल्या की!"

"गप गं. एकाच घरातली माणसं ती."

"पण एवढ्यावर याचं पोट भरतं?"

"अगं, एवढी माणसं कशाला जमलीयत या शहरात? रोज कुणाची ना कुणाची शिटी उडतेच! आमच्या गावात वर्षाला एक उडायची. शिटीवाल्याने काय वाफ खायची?"

आम्ही परतलो तेव्हा पाहुणे दही-भात खाऊन निघाले होते. मी आठवडाभर काकांशी बोलले नाही.

मग काकू गेल्या. काका जास्तच हिंडू लागले. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा महेश त्यांना कायमचं न्यायला कुडाळहून आला. मी चहा घेऊन गेले, तर बॅग भरून तयार, आणि महेश समजूत काढतोय, "बाबा, तिथे घराखालीच दुकान आहे. साखरेपासून पत्र्यांपर्यंत सगळं मिळतं. तुम्हाला कुठे जायलाच नको."

झालं! अरे, कुणाला काय सांगतोयस?

"मी येवचंय नाय!" काका ओरडले. मग पलंगावर बसले आणि हळूच म्हणाले, "तुझे आजोबा काय करायचे, ठाऊक आहे?"

"दुकान होतं ना त्यांचं?"

"दुकान नंतर. बाबा पेट्या दुरुस्त करायचे. हार्मोनियम. पण गावात पेट्या तीन. देवळातली बिघडावी म्हणून आई त्याच देवाला नवस बोलायची."

मला हसू आलं. काका हसले नाहीत.

"मग बाबांनी रॉकेल ठेवलं. मग चपला, मग सिमेंट. पोती उचलून उचलून बोटं कामातून गेली. ते वारले तेव्हा लोक काय म्हणाले? सामंतांकडे सिमेंट चांगलं मिळायचं. बाबांना इथे आणायचं होतं मला. खोली मिळेपर्यंत ते गेले. इथे किती पेट्या आहेत रे महेश! भजनी मंडळं, शाळा, क्लास... म्हाताऱ्याला जेवायला फुरसत मिळाली नसती. अजून कुठल्याही एवढ्याशा दुकानात डोकावलो, की वाटतं, आत बाबाच बसलेत. खाली मान घालून, आपलं काम करत. तिकडे आलो तर कुठे बघू त्यांना?"

चहा निवला. मग महेशने बॅग उघडली आणि काकांचे सदरे एकेक करून परत कपाटात ठेवायला सुरुवात केली.