बोगोमिरची एकच जोडी

बोगोमिरची जुनी स्की सोमवारी सकाळी सात नंबरच्या खांबापाशी मोडली, तेव्हा त्याला वाईट वाटलं नाही. नुसता कंटाळा आला. आता नवी निवडायची म्हणजे बोलणं आलं.

गावामागच्या डोंगरावर तो एकतीस वर्षं स्की-लिफ्ट दुरुस्त करत होता. सकाळी काचेसारखा बर्फ, खांबांकडे जाताना रानातला गुडघाभर भुसभुशीत, दुपारनंतर नुसता राडा. या सगळ्यात चालेल आणि दुखऱ्या गुडघ्यांना निवृत्तीपर्यंत तीन हिवाळे काढू देईल, अशी एकच जोडी त्याला हवी होती. पण तसं बोलायची खोटी, पाववाली म्हणाली रुंद घे, पाद्रीबाबा म्हणाले अरुंद घे. बायकोचा भाऊ इझिदोर तर पूर्वीचा शर्यतपटू आणि आता स्की-शाळेचा प्रमुख. त्यानं जेवता जेवता तासभर व्याख्यान दिलं.

"भाऊजी, स्की पायाला कळते, डोक्याला नाही."

"माझे पाय काही बोलत नाहीत रे. गुडघे ओरडतात, तेवढं ऐकू येतं."

शुक्रवारी तो चौथ्यांदा झोराच्या स्कीच्या दुकानात गेला. झोरानं त्याच्यापुढे दोन जोड्या टाकल्या. दोन्ही करड्या, एकाच लांबीच्या.

"ही अरुंद, कडक बर्फ धरते. ही रुंद, मऊ बर्फावर तरंगते. दोन्ही घेऊन जा, वापर, आणि संध्याकाळी एक काय ते सांग. मीही दमलेय बोगो."

दोन्ही जोड्या घेऊन तो वर गेला. दुपारी खानावळीत शिरताना, चोरीच्या भीतीनं तिथं सगळेच करतात तसं, त्यानं जोड्या वेगळ्या केल्या, विजोड स्की कोण चोरणार: एक अरुंद आणि एक रुंद दाराशी, उरलेल्या दोन सरपणामागे. मग जवाचं गरम सूप प्यायला, भिंतीला टेकून डुलकी काढली, आणि उठला तेव्हा हे सारं विसरला होता. दाराशी दोन स्की दिसल्या, त्या त्यानं पायात अडकवल्या. तेवढ्यात इझिदोर पायीच आला. त्याच्या स्की धार लावायला दिल्या होत्या.

"सरपणामागे दुसरी जोडी आहे," बोगोमिर म्हणाला. "तुझ्या बुटाला बसेल. उतरताना घेऊन ये."

त्या दुपारी बोगोमिरनं तीन खांब तपासले. सावलीतला कडक बर्फ, रान, राडा, सगळं झालं, आणि गुडघे एकदाही कुरकुरले नाहीत. चार वाजता तो झोरासमोर उभा राहिला.

"हीच. विषय संपला."

झोरानं स्कींकडे पाहिलं. ती काही बोलणार, इतक्यात इझिदोर आत घुसला.

"भाऊजी, ही जोडी सोडू नका! शर्यतीच्या उतारावरून आलो आत्ता. काय समतोल आहे! आमच्या शाळेत सगळ्यांना हीच घ्यायला लावणार आहे. दोन शिक्षकांना दाखवायला आणलंय, बाहेर बूट झटकतायत."

झोरानं चारही स्की टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. एक अरुंद, एक रुंद, एक अरुंद, एक रुंद.



"मला उजवीकडे जरा... वेगळं वाटलंच होतं," इझिदोर पुटपुटला.

"आत्ता समतोल म्हणालास," झोरा म्हणाली. "बरं, जोड्या नीट लावते. बोगो, अरुंद देऊ की रुंद?"

बोगोमिर स्टुलावर बसला. अरुंद की रुंद. म्हणजे परत पाववाली, परत पाद्रीबाबा, परत व्याख्यान.

"बांध," तो म्हणाला.

"काय बांधू?"

"माझ्या पायात होत्या त्याच दोन."

"अरे वेड्या! मग या उरलेल्या दोन कोण घेणार?"

दोघांनीही इझिदोरकडे पाहिलं. बाहेर पायऱ्यांवर बूट आपटल्याचे आवाज आले. शिक्षक दाराशी पोचले होते. इझिदोरनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे.

"कागदात गुंडाळ," तो हळूच म्हणाला. "आणि पटकन गुंडाळ, बाई."